डिझेल इंजिनाची उसनी ऊब

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाहीं, ही गोष्ट आतां शाळेंतील मुलेंहि जाणतात. पेट्रोलच्या इंजिनांत विजेची ठिणगी पडून इंधन पेटतें. डिझेलच्या इंजिनांत हवाच इतकी दाबली जाते कीं त्या दाबानें ती तापते, आणि तापलेल्या हवेंत तेलाचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनें १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथील कारखान्यांत या तत्त्वावर चालणारें इंजिन यशस्वी करून दाखविलें. तेव्हांपासून इंजिनाच्या रचनेंत पुष्कळ फेरफार झाले, परंतु तत्त्व तेंच राहिलें. हवेची उष्णता हीच या इंजिनाची आगपेटी. एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे कडाक्याच्या थंडींत हीं अवजड यंत्रें हटून कां बसतात, हें निराळें सांगावें लागत नाहीं. हवाच गारठलेली असेल तर आगपेटी सादळली असें समजावें.

अंधेरी-बोरिवलीच्या किंवा मुलुंड-घाटकोपरच्या रहिवाशांना हा प्रश्न परका वाटण्याचा संभव आहे. उपनगरांतील थंडी ती केवढी? सांताक्रूझ येथें जानेवारी १९६२ मध्यें पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, आणि त्या थंडीची आठवण अजून सांगितली जाते. एरवीं पौषाच्या पहाटे येथें शाल पुरते. रस्त्याच्या किंवा मेट्रोच्या कामावर उभा असलेला पोकलेन अगर डंपर सकाळीं किल्ली फिरवितांच सुरू होतो, आणि त्याच्या पोटांत हवा तापविणारें एखादें साधन आहे कीं नाहीं याची चालकासहि क्वचितच आठवण होते.

परंतु यंत्रांचा संसार मुंबईपुरता नसतो. रोहतांग खिंडीच्या खालून ९.०२ किलोमीटर लांबीचा जो बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं वाहतुकीस खुला झाला, त्याचें काम अंधेरींत मुख्य कचेरी असलेल्या अॅफकॉन्स कंपनीनें ऑस्ट्रियाच्या स्ट्राबाग कंपनीच्या भागीदारींत केलें. काम २०१० सालीं सुरू झालें होतें. बोगद्याचीं दोन्ही तोंडें समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहेत, आणि हिवाळ्यांत तेथील पारा शून्याच्या पुष्कळच खालीं जातो. कांदिवलीची गोष्टहि अशीच. तेथें १९६३ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीनें ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला, आणि कांदिवलीच्या दमट उकाड्यांत जन्मलेले ते ट्रॅक्टर उत्तरेकडील शेतांवर माघाच्या धुक्यांत कामास लागले. उपनगरांतील कचेरींत बसून ज्या यंत्राचा हिशेब ठेवला जातो, तें यंत्र लाहौलच्या बर्फांत उभें असूं शकतें. येथें कधींच न जाणवलेला दोष तेथें पहिल्याच पहाटे उघडा पडतो.

थंडीचा परिणाम नेमका किती होतो हें ढोबळ हिशेबानें पाहतां येईल. इंजिन सुरू करतांना सिलिंडरांतील हवा दाबून तिचें आकारमान सतराव्या हिश्शाइतकें केलें जातें असें धरूं. आंत येणारी हवा ३० अंश सेल्सिअस असेल, तर दाबाच्या शेवटीं ती सुमारें ४३५ अंशांवर जाते. तीच हवा शून्याखालीं २० अंश असेल, तर शेवटचें तापमान ३२० अंशांच्या आसपास राहतें. म्हणजे आरंभींचा ५० अंशांचा फरक शेवटीं ११५ अंशांचा होतो. हाच हिशेब उलट बाजूनें वाचला तर उपायहि त्यांतच सांपडतो. आंत येणाऱ्या हवेला एक अंश ऊब उसनी दिली, तर दाबाच्या शेवटीं ती दोन अंशांहून अधिक होऊन परत मिळते. जुन्या सावकारी व्यवहारांत व्याजाला दामदुपटीची मर्यादा होती. येथें हवा दामदुपटीहून थोडें जास्तच फेडते. इंजिनाच्या तोंडाशीं थोडीशी उष्णता देऊन मोठें काम साधतें, तें याच कारणानें.

थंडी एकटी येत नाहीं, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. शून्याखालीं १८ अंशांवर शिशाच्या बॅटरीची शक्ति सुमारें निम्मी होते. वंगणाचें तेल घट्ट होऊन दट्ट्यांना अडवूं लागतें. इंजिन हळू फिरलें म्हणजे दाबलेल्या हवेला कडांतून निसटण्यास आणि थंड भिंतींना उष्णता देऊन टाकण्यास अधिक वेळ मिळतो, आणि वर दिलेले ३२० अंशहि हातीं लागत नाहींत. शिवाय तीन हजार मीटरांच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें सत्तर टक्केच असतो. दाबण्यास हवाच कमी मिळते. ज्या क्षणीं इंजिनाला अधिक उष्णता हवी, त्याच क्षणीं ती निर्माण करणारीं सगळीं साधनें दुबळीं झालेलीं असतात.

ही उणीव भरून काढण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिल्या रीतींत प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यांत बोटाएवढी विजेची कांडी बसविलेली असते. तिला ग्लो प्लग, किंवा वर्कशॉपच्या बोलींत हीटर प्लग म्हणतात. डिझेलवर चालणाऱ्या घरगुती मोटारींत आणि कित्येक ट्रॅक्टरांत ही रीत आढळते. दुसऱ्या रीतींत हवा सर्व सिलिंडरांत वांटली जाण्यापूर्वीं ज्या सामाईक मार्गानें जाते, त्याच्या तोंडाशीं धातूच्या पट्टीची नागमोडी जाळी असते. वीज सोडतांच ती लाल होते आणि तिच्यावरून जाणारी हवा तापते. यालाच ग्रिड हीटर म्हणतात. मोठे डंपर, डोझर व पोकलेन यांच्या पुष्कळ इंजिनांत हाच असतो. तिसरी रीत ज्योतीची. तींत विजेच्या तापलेल्या तारेवर डिझेलचे थेंब पाडून हवेच्या मार्गांतच लहानशी ज्योत पेटविली जाते. जुन्या ट्रॅक्टरांवरील थर्मोस्टार्ट तो हाच.

ग्रिड हीटरची भूक मोठी असते. बारा व्होल्टांच्या बॅटरीवर एक जाळी शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, म्हणजे सुमारें बाराशें वॅट. घरांतील विजेच्या इस्त्रीहून थोडें अधिकच. अनेक इंजिनांत अशा दोन जाळ्या असतात. एवढा प्रवाह किल्लीच्या बटनांतून नेणें शक्य नसतें. म्हणून किल्ली रिलेला हुकूम देते, आणि रिले जाड तारांतून बॅटरीची वीज हीटरकडे सोडतो. नव्या यंत्रांत हुकूम देण्याचें काम इंजिनाचा लहानसा संगणक करतो. हवेचें तापमान मोजणाऱ्या सेन्सरवरून तो ठरवितो कीं हीटर लावावा कीं नाहीं, आणि लावल्यास किती सेकंद. तोंवर चालकासमोर वेटोळ्या तारेच्या चित्राचा पिवळा दिवा पेटतो. दिवा विझला कीं सेल्फ मारावा, असा संकेत. इंजिन सुरू झाल्यावरहि कांहीं वेळ हीटर मधूनमधून लागतो, जेणेंकरून पहिल्या मिनिटांतील पांढरा धूर व अडखळणें कमी व्हावें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेणें अगत्याचें आहे. बहुतेक यंत्रांत तो दिवा हुकूम सुटल्याचें सांगतो. हुकूम अमलांत आला कीं नाहीं, हें सांगत नाहीं. रिलेचे संपर्क जळलेले असोत, जाळी तुटलेली असो, तार गंजलेली असो, दिवा ठरल्या वेळीं पेटतो आणि ठरल्या वेळीं विझतो. चालक विश्वासानें सेल्फ मारतो, इंजिन फिरत राहतें, सुरू मात्र होत नाहीं. मग बॅटरी बदलली जाते, डिझेलला दोष दिला जातो, क्वचित् पंपहि उतरविला जातो. ज्या जाळीला ऊब द्यावयाची होती ती बिचारी थंडच असते. मुंबईच्या हवेंत तर प्रश्न याहून गूढ होतो. येथें हवा उबदार असल्यामुळें संगणक हीटरला हुकूमच देत नाहीं. तेव्हां दोष वर्षानुवर्षें निद्रिस्त राहूं शकतो.

म्हणून दोष शोधतांना प्रथम कानांनीं व डोळ्यांनीं पाहावें, मग हत्याराला हात घालावा. सेल्फ मारला असतां इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल, तर शंका बॅटरीवर, तिच्या जोडांवर किंवा घट्ट झालेल्या वंगणावर घ्यावी. इंजिन जोमानें फिरतें पण धुराड्यांतून कांहींच धूर येत नाहीं, असें असेल तर सिलिंडरपर्यंत तेल पोंचत नाहीं असें समजावें. अशा वेळीं टाकींत कोणतें डिझेल आहे हें आधीं विचारावें. साधें डिझेल कडक थंडींत मेणासारखें गोठूं लागतें व फिल्टर तुंबवितें. लडाखसारख्या प्रदेशांसाठीं इंडियन ऑइलनें नोव्हेंबर २०१९ मध्यें शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें हिवाळी डिझेल आणलें, तें याच अडचणीमुळें. आणि इंजिन जोमानें फिरतें, धुराड्यांतून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, पण पेट मात्र घेत नाहीं, अशी स्थिति असेल तर तेल पोंचत आहे, हवा पोंचत आहे, उणी आहे ती उष्णता. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेलें डिझेल. हीटर तपासण्याची वेळ ती हीच.

तपासणीचा क्रम बॅटरीपासून धरावा. स्वस्थ बसलेली बारा व्होल्टांची चांगली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; दोन जोडून केलेल्या चोवीस व्होल्टांच्या संचांत हा आंकडा २५.२ च्या आसपास असावा. त्यानंतर हीटर लावून त्याच्या जाड तारेभोवतीं क्लॅम्पमीटर धरावा आणि प्रवाह किती जातो तें पाहावें. निर्मात्याच्या पुस्तकांत दिलेल्या आंकड्याशीं तो जुळला तर हीटर निर्दोष. निम्माच भरला तर दोन जाळ्यांपैकीं एक, किंवा तिचा रिले, मेला आहे. मुळींच नसला तर वीज कोठें अडली हें पायरीपायरीनें शोधावें: रिलेच्या आंत येणाऱ्या टोकाशीं व्होल्ट आहेत काय, बाहेर जाणाऱ्या टोकाशीं आहेत काय, हीटरच्या बोल्टपाशीं आहेत काय. ज्या दोन पायऱ्यांच्या मध्यें वीज नाहींशी होते तेथें चोर दडलेला असतो. मल्टिमीटरनें जाळीचा रोध मोजून निदान करूं नये. चांगल्या जाळीचा रोध ओहमच्या दशांशाएवढा किंवा त्याहूनहि कमी असतो, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्यांत मिसळून जातो.

अर्धवट दोष पुऱ्या दोषाहून अधिक फसवा असतो. रिलेच्या दोन जाड टोकांमध्यें, हीटर लागलेला असतांना, व्होल्टांचा फरक कांहीं दशांशांपुरताच असावा. तेथें एक व्होल्ट खाल्ला जात असेल, तर शंभर अँपिअरच्या हिशेबानें शंभर वॅट उष्णता हवेऐवजीं रिलेच्या पोटांत निर्माण होत आहे. त्याचें प्लॅस्टिक काळवंडलेलें दिसतें तें त्यामुळें. बॅटरीचे गंजलेले जोड आणि सैल अर्थ यांचा परिणामहि असाच. यांत एक गणित ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. हीटरपर्यंत बाराच्या ऐवजीं दहा व्होल्ट पोंचले, तर व्होल्ट सहाव्या हिश्शानेंच घटले असें दिसतें, परंतु उष्णता मात्र जवळजवळ एकतृतीयांशानें कमी होते. खर-कागदानें घासून स्वच्छ केलेला व आवळून बसविलेला एक जोड कधीं कधीं नव्या हीटरएवढें काम करतो.

याच्या उलट दोष म्हणजे रिलेचे संपर्क एकमेकांस चिकटून बसणें. मग किल्ली काढल्यावरहि हीटर जळत राहतो, आणि सकाळपर्यंत बॅटरी रिकामी होते. बॅटरी वारंवार उतरते अशी तक्रार असेल, तर यंत्र बंद केल्यावर पुरेसा वेळ जाऊं देऊन त्या तारेंतून प्रवाह वाहतो काय, हें क्लॅम्पमीटरनें अवश्य पाहावें. तेथें प्रवाह सांपडला तर नवी बॅटरी घेण्याचा खर्च वांचेल, आणि आगीचा धोकाहि टळेल.

हुकूम देणाऱ्या सेन्सरवरहि विसंबून चालत नाहीं. रात्रभर बंद राहिलेल्या इंजिनाजवळ पहाटे गेलें असतां बाहेरची हवा, इंजिनांतील पाणी व आंत येणारी हवा या तिहींचें तापमान जवळजवळ सारखें असलें पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर दोन आंकडे पांच-सहा अंश आणि तिसरा चाळीस दिसला, तर तो सेन्सर खोटें बोलत आहे. त्याच्यावर विश्वास ठेवून संगणक हीटर लावणारच नाहीं, आणि बाकी सर्व साहित्य निर्दोष असूनहि इंजिन थंडच राहील.

हीटर हवेच्या मार्गांतच बसलेला असल्यामुळें त्याची यांत्रिक बाजूहि दुर्लक्ष करण्यासारखी नाहीं. जाळीला वीज पोंचविणारा बोल्ट अनेक वर्षांच्या तापण्यानें व निवण्यानें झिजतो, सैल होतो, कधीं तुटतो. आणि तुटलेला तुकडा हवेबरोबर सरळ सिलिंडरांत ओढला जातो. नखाएवढा तुकडा लाखो रुपयांच्या इंजिनाचा नाश करूं शकतो. म्हणून जाळी बाहेर काढून तिच्या पट्ट्या, पोर्सिलेनचे आधार आणि तो बोल्ट डोळ्यांखालून घालावा. तेलाची काजळी सांचली असल्यास पुसावी. एअर फिल्टरच्या पुढील रबरी नळीला चीर असेल तर खडीच्या कामावरील धूळ आंत शिरून जाळीवर थर बसवितें, तेव्हां तीहि पाहावी. ज्योतीच्या हीटरांत तेलाची बारीक नळी भरलेली आहे काय, आणि झडप बंद असतांना गळत नाहीं ना, हीं दोन ठिकाणें पाहण्याजोगीं. गळणारी झडप इंजिनांत नको तेव्हां डिझेल सोडते. कोणत्याहि कामास हात लावण्यापूर्वीं हातांतील अंगठी व घड्याळ काढून ठेवावें, आणि तारा सोडतांना बॅटरीचें ऋण टोक प्रथम सोडावें. शंभर अँपिअरच्या वाटेंत आलेली सोन्याची अंगठी क्षणांत लाल होते.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा विषय कारखान्याबाहेरच्या माणसांनाहि कळला पाहिजे, ती गोष्ट. इंजिन सुरू होत नाहीं, थंडी वाढत आहे, काम खोळंबलें आहे, अशा वेळीं कोणीतरी ईथरचा डबा काढतो. बाजारांत स्टार्टिंग स्प्रे म्हणून तो मिळतो. एअर फिल्टरच्या तोंडाशीं फवारा मारला कीं इंजिन एकदम धडधडून सुरू होतें, असा अनेकांचा अनुभव असतो. आणि त्या अनुभवांतच घात आहे. ईथर १६० ते १८० अंशांच्या दरम्यान आपोआप पेटतो. लाल झालेली जाळी किंवा थर्मोस्टार्टची ज्योत याहून कितीतरी अधिक तप्त असते. फवारा तिच्यापर्यंत पोंचतांच स्फोट सिलिंडरांत न होतां हवेच्या नळींतच होतो, आणि त्याची ज्वाला ज्या वाटेनें फवारा आंत गेला त्याच वाटेनें बाहेर येते. त्या वाटेच्या तोंडाशीं वांकून उभा असतो तो मनुष्य, बहुधा तरुण हेल्पर. हीटर असलेल्या इंजिनांवर ईथर वापरूं नये अशी सूचना निर्माते हवेच्या मार्गाजवळच चिकटवून ठेवतात. धुळीनें व तेलानें ती झांकली जाते. हीटर बंद पडलेला आहे, आतां फवारा मारण्यास हरकत नाहीं, हें समर्थनहि फोल आहे. दिव्यावरून हीटर चालूं आहे हें जसें कळत नाहीं, तसें तो खरोखर मेला आहे हेंहि कळत नाहीं. अर्धवट जुळणारा संपर्क नेमका त्याच क्षणीं जुळूं शकतो.

इंजिनाच्या पोटाखालीं चिंध्यांचा जाळ करणें, ही दुसरी जुनी खोड. तेलानें माखलेल्या यंत्राखालीं उघडी आग ठेवून कित्येक यंत्रें जळून गेलीं आहेत. याऐवजीं सुरक्षित मार्ग आहेत, आणि ते फार कठीणहि नाहींत. इंजिनांतील पाणी तापविणारा विजेचा ब्लॉक हीटर रात्रभर लावून ठेवावा. बॅटऱ्या उतरवून उबदार खोलींत ठेवाव्या. यंत्र वाऱ्याच्या आडोशाला उभें करावें. थंडीला योग्य असें पातळ वंगण व हिवाळी डिझेल भरावें. आणि दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. पहिल्या खेपेस जमलें नाहीं तर सेल्फ एकसारखा न दाबतां बॅटरीला दोन मिनिटें विसांवा देऊन पुन्हां हीटर लावावा. घाईनें बॅटरी मरते, आणि बॅटरीबरोबर हीटरहि मरतो.

या सर्वांतून एक प्रश्न उरतो: तपासणी करावी केव्हां? हिवाळ्याच्या तोंडाशीं, यंत्र डोंगरावर पोंचल्यावर, असें स्वाभाविक उत्तर सुचतें. आणि तेंच चुकीचें आहे. तेथें बोटें बधिर असतात, सुटे भाग दोन दिवसांच्या वाटेवर असतात, आणि काम थांबलेलें असतें. ज्या ठिकाणीं हीटरची गरज मुळींच नाहीं, तेंच त्याच्या परीक्षेचें ठिकाण. निर्मात्याच्या तपासणी-यंत्रानें संगणकाला मुद्दाम हुकूम देऊन उबदार हवेंतहि हीटर कांहीं सेकंद लावून पाहतां येतो. जुन्या यंत्रांत त्यासाठीं नुसतें बटन असतें. अंधेरीच्या आवारांत, चहाच्या वेळेच्या आंत, क्लॅम्पमीटर धरून जें कळतें, तेंच लाहौलमध्यें कळावयास एक दिवस जातो.

महाराष्ट्रांत या कामासाठीं दिवसहि ठरलेला आहे. खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची आणि यंत्रांची पूजा होते. त्या दिवशीं यंत्र धुतलें जातें, त्याला झेंडूची माळ घातली जाते, चालक व फिटर सर्वजण हजर असतात. उत्तरेकडील उंच रस्त्यांवर बर्फ पडूं लागण्यास तेव्हां थोडाच अवकाश राहिलेला असतो. माळ घालण्यापूर्वीं बॅटरीचे जोड घासावे, रिलेवरचे व्होल्ट पाहावे, हीटरचा प्रवाह मोजून तो तारखेसह वहींत लिहून ठेवावा. पुढच्या वर्षीं तोच आंकडा कमी भरला तर दोष वाढत आहे हें थंडी येण्यापूर्वींच कळेल. पूजेचा अर्थ काळजी घेणें असा असेल, तर याहून योग्य पूजा दुसरी नाहीं.

हा नियम मोठ्या यंत्रांपुरता नाहीं. मुलुंडच्या एखाद्या गृहसंस्थेच्या तळमजल्यांत उभा असलेला जनरेटर, आग लागली तरच चालावयाचा डिझेल पंप, मोटारींतील ग्लो प्लग, हीं सर्व वर्षांतून क्वचित् उपयोगीं पडणारीं साधनें आहेत. त्यांचा दोष कामाच्या दिवशींच उघड व्हावा असें नसेल, तर त्यांची परीक्षा बिनकामाच्या दिवशीं झाली पाहिजे. दिवा पेटला एवढ्यावर समाधान मानूं नये. साधन प्रत्यक्ष चालवून पाहावें.

रोहतांगचा बोगदा होण्यापूर्वीं लाहौलचें खोरें बर्फामुळें वर्षाचे कित्येक महिने तुटलेलें असे. आतां बोगदा आहे, परंतु त्याच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर बर्फ पडतेंच, आणि तें दूर करण्यासाठीं १९६० सालीं स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेचीं यंत्रें पहाटे बाहेर पडतात. केलाँगहून एखाद्या आजाऱ्याला खालीं आणावयाचें असेल, तर डॉक्टरच्याहि आधीं एका डोझरचें इंजिन सुरू व्हावें लागतें. तें सुरू झालें तर कोणी त्याची वार्ता घेत नाहीं. त्या पहिल्या धडधडीच्या मागें धातूच्या नागमोडी पट्टीची वीस-तीस सेकंदांची ऊब असते, आणि त्या उबेच्या मागें, शेंकडों मैल दूर, उकाड्यांत घाम पुसत एक जोड घासून ठेवणारा कोणी फिटर असतो.